ब्रिटिश टोकन ही बनावट नाणी नव्हेत

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या ब्रिटिश टोकनांविषयी, म्हणजे दुकानदारांनी आणि कंपन्यांनी सुट्या नाण्यांऐवजी काढलेल्या धातूच्या चकत्यांविषयी, आलेला मजकूर वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला एवढी जागा मिळाली याचा आनंद आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी दुरुस्त व्हायला हव्यात. टोकन म्हणजे 'त्या काळातले बनावट नाणे' असे त्यात म्हटले आहे. पुढे, अक्षरे दिसत नसतील तर टोकनाला चिंच-मीठ लावून भांड्यांच्या पावडरीने घासावे, असा सल्ला दिला आहे. पहिले विधान चुकीचे आहे. दुसरा सल्ला कोणी अमलात आणला तर टोकन कायमचे वाया जाते.

बनावट नाणे राजाच्या नाण्याची नक्कल करते आणि पाडणाऱ्याचे नाव लपवते. टोकन नेमके उलटे वागते. त्यावर काढणाऱ्याचे नाव, गाव आणि बहुतेकदा धंदाही ठळक असतो, कारण ते परत आणणाऱ्याला मोबदला द्यायची जबाबदारी त्याने घेतलेली असते. आपल्या नोटेवर धारकाला रक्कम अदा करण्याचे जे वचन असते, तेच वचन वेल्समधल्या एका खाण कंपनीच्या १७८७ च्या अँगलसी पेनी या टोकनावर तांब्यात कोरलेले आहे.

जानेवारी १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. त्यानंतरच्या राजवटीने तांब्याची सुटी नाणी काढलीच नाहीत. पाव आणि मेणबत्त्या विकणाऱ्याला, खानावळवाल्याला फार्दिंग (पाव पेनी) आणि हाफपेनी (अर्धी पेनी) यांवाचून दिवस ढकलणे अशक्य होते. त्यामुळे गावोगावच्या दुकानदारांनी स्वतःची टोकने पाडून घेतली. काही नगरपालिकांनीही काढली. ब्रिस्टल शहराचे १६५२ चे फार्दिंग त्याचे चांगले उदाहरण. दुसऱ्या चार्ल्सने १६७२ मध्ये तांब्याची राजमुद्रांकित हाफपेनी आणि फार्दिंग आणली, तेव्हा हे पर्व बंद झाले. या टोकनांवर सर्वांत आधीचे साल १६४८ दिसते आणि त्यावरून 'हे तर राजा जिवंत असतानाचे' असा गोंधळ होतो. इंग्लंडमध्ये तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे आपल्या हिशेबातले जानेवारी ते मार्च १६४९ हे दिवस त्यांच्या लेखी १६४८ मध्येच मोडत.

या सतराव्या शतकातल्या टोकनांचे वाचन हाच या छंदाचा गाभा आहे. फार्दिंग साधारण १५ ते १७ मिलिमीटर व्यासाचे आणि ग्रॅमभर वजनाचे असते, कागदासारखे पातळ. हाफपेनी २० मिलिमीटरच्या आसपास. १६६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अष्टकोनी, चौकोनी, क्वचित पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचीही दिसतात. हातात घेतल्यावर आधी कडेने फिरणारा मजकूर वाचायचा. माथ्यावर छोटे फूल किंवा तारा असतो, तिथून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जायचे. दर्शनी बाजूला सहसा नाव, मागच्या बाजूला गाव. मधोमध एका बाजूला चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला आद्याक्षरे.

आद्याक्षरे तीन असतील तर ती त्रिकोणात मांडलेली असतात. वरचे अक्षर आडनावाचे, खाली डावीकडे नवऱ्याच्या नावाचे, उजवीकडे बायकोच्या. समजा वर बी, डावीकडे आय, उजवीकडे एम आहे. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो, कारण त्या काळच्या ठशांवर 'जे' (J) हे अक्षर नसते, त्याच्या जागी 'आय' (I) असते. म्हणजे हा गृहस्थ जॉन, जेम्स किंवा जोसेफ असू शकतो आणि बायको मेरी किंवा मार्गारेट. तसेच यू च्या जागी व्ही येते. लंडनमधल्या लडगेटचे स्पेलिंग एल-व्ही-डी असे सुरू होते. वाय आणि ई अशी जोडी दिसली तर ती 'द' अशी वाचायची. दोनच अक्षरे असतील तर बायकोचे नाव घातलेले नाही एवढेच कळते, तो अविवाहित होता असे ठामपणे म्हणू नये. पूर्ण नाव बाईचे असेल तर ती बहुधा नवऱ्यामागे दुकान चालवणारी विधवा असते. इतक्या साध्या घरांतल्या नवरा-बायकोची नावे एकत्र धातूवर उमटलेली आहेत, यासाठी तरी ही टोकने घासून पुसून टाकू नयेत.

चिन्हांकडे नीट बघावे. साखरेचा शंकू किंवा लवंगा असलेली ढाल किराण्याची, कबुतरे मेणबत्तीवाल्यांची, कात्री शिंप्याची, तीन पिंपे दारूविक्रेत्यांची, स्त्रीचे मस्तक रेशीम-कापडवाल्यांचे, तंबाखूची गुंडाळी तंबाखूवाल्याची. फेटा बांधलेले तुर्काचे डोके दिसले तर ते बहुधा कॉफी हाउस. पण ढालीवरून धंदा ठरवताना सावध राहावे. लंडनमध्ये एखादा माणूस वडिलांकडून किंवा उमेदवारी करून एका व्यवसायसंघाचा सभासद होई आणि प्रत्यक्षात दुकान मात्र भलतेच थाटे. ढाल संघाची असते, धंदा तिच्याशी जुळेलच असे नाही. मजकुरात धंदा लिहिलेला असेल तर तोच धरावा.

गावाच्या नावात सर्वांत जास्त चुका होतात. स्पेलिंग ऐकू येईल तसे केलेले असते आणि न्यूपोर्ट, सटन, अॅशफर्ड अशी एकाच नावाची गावे अनेक काउंट्यांत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, आहेत. टोकनांच्या छापील सूचीतल्या नावाशी जुळले म्हणून काम संपत नाही. त्या काळातल्या चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्या आणि १६६२ पासून सुरू झालेल्या चूलपट्टीच्या (चुलींवरच्या कराच्या) याद्या यांत तो माणूस सापडतो का ते पाहावे. चूलपट्टीच्या यादीत घरात किती चुली होत्या हेही कळते, म्हणजे दुकानदाराची ऐपत समजते. नवरा आणि बायको या दोघांची आद्याक्षरे विवाहनोंदीशी जुळली की ओळख पक्की समजावी.

आता अठराव्या शतकाकडे येतो, कारण 'बनावट' या शब्दाचा सर्वांत मोठा अन्याय इथे झाला आहे. राजाच्या टाकसाळीने १७७५ नंतर दोन दशके तांब्याची हाफपेनी पाडली नाही. बाजारात हलक्या, खोट्या हाफपेन्यांचा सुळसुळाट झाला. टाकसाळीचे प्रमाण एक पौंड तांब्यात ४६ हाफपेनी, म्हणजे नगाला १० ग्रॅमला थोडे कमी. १७८७ मध्ये वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या तांब्याच्या खाणीने, म्हणजे पॅरिस माइन कंपनीने, स्वतःची टोकने काढली. (या पॅरिसचा फ्रान्सच्या राजधानीशी संबंध नाही.) त्यांचे प्रमाण पौंडात १६ पेनी किंवा ३२ हाफपेनी. पेनी २८ ग्रॅमच्या आसपास, हाफपेनी १४ ग्रॅमच्या. म्हणजे ज्याला आपल्या पुरवणीने बनावट म्हटले, त्यात राजाच्या नाण्यापेक्षा जास्त तांबे होते.

ही अँगलसी पेनी जवळून बघण्यासारखी आहे. दर्शनी बाजूला ओकच्या पानांच्या हारात डोक्यावरून वस्त्र घेतलेला वृद्ध ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित), मागे कंपनीच्या पी, एम, सी या अक्षरांची गुंफण आणि भोवती धारकाला एक पेनी देण्याचे वचन. टोकन आडवे धरून कडा फिरवली की तिच्यावर लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी इथे मागताक्षणी मोबदला मिळेल असा मजकूर उमटलेला दिसतो. ठसे झिजले की नवे कोरले जात. ते वेगळे ओळखायचे तर हारातली ओकची फळे मोजावी लागतात, साल आणि वचनाच्या अक्षरांची जागा तपासावी लागते.

पुरवणीतल्या छायाचित्रांत कडा कुठेच दिसत नाही. अठराव्या शतकाच्या टोकनात कडा हा तिसरा पुरावा असतो आणि तो नसेल तर ओळख अर्धीच राहते. लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सन याच्या १७८७ च्या हाफपेनीच्या कडेवर विली, स्नेड्सहिल, बर्शम, ब्रॅडली या त्याच्या कारखान्यांची नावे आहेत. कॉव्हेंट्रीच्या १७९२ च्या हाफपेनीवर घोड्यावर बसलेली त्या शहराच्या दंतकथेतली लेडी गोडायव्हा, मागे पाठीवर किल्ला असलेला हत्ती आणि कडेवर रॉबर्ट रेनल्ड्स कंपनीच्या गोदामात मोबदला मिळेल असा पत्ता. लंडनचे पुस्तकविक्रेते लॅकिंग्टन यांनी १७९४ च्या टोकनावर स्वतःला जगातले सर्वांत स्वस्त पुस्तकविक्रेते म्हणवून घेतले.

कडेचा मजकूर गोल चकतीवर ठसा मारण्याआधी वेगळ्या यंत्रात उमटवला जाई. म्हणून दर्शनी बाजू वर ठेवल्यावर कडेची अक्षरे काही नगांवर सुलटी, काहींवर उलटी दिसतात. तो वेगळा प्रकार नव्हे. विक्रेता त्याचे जास्त पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

१७९४ ते १७९७ या काळात टोकने जमवण्याची लाटच आली आणि टाकसाळवाल्यांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. एका टोकनाची दर्शनी बाजू दुसऱ्याच्या मागच्या बाजूला जोडायची आणि असे टोकन काढणारा एकही दुकानदार कधी नव्हता तरी ते 'नवा प्रकार' म्हणून संग्राहकांना विकायचे. अशा संकरित टोकनांना तिथे 'म्यूल', म्हणजे खेचर, म्हणतात. ओळखायचे कसे? दोन बाजूंची गावे जुळत नाहीत, किंवा कडेवर लँकेस्टर, लंडन, ब्रिस्टल अशी सर्रास वापरलेली नावे असतात ज्यांचा मुख्य मजकुराशी संबंध नसतो, किंवा वचन असूनही पत्ताच नसतो. ज्यांना व्यापारात फिरलेली टोकने हवी आहेत त्यांनी ती टाळावीत. मात्र राजकीय टोकनांना हा नियम लावू नये. लंडनचा पुस्तकविक्रेता टॉमस स्पेन्स याने हाडे चघळणारा कैदी दाखवून 'क्रांतीपूर्वी' असे लिहिले. 'मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का' असे विचारणारा साखळदंडातला गुलाम, आणि मागे हस्तांदोलन, हेही याच काळातले टोकन. ही चलन म्हणून कमी आणि पत्रक म्हणून जास्त फिरली. आमच्या मते संपूर्ण मालिकेत यांच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही.

१७९७ मध्ये मॅथ्यू बोल्टन यांच्या बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टाकसाळीने सरकारसाठी एक औंस वजनाची पेनी आणि दोन औंसांची ट्वोपेन्स पाडली आणि टोकनांची गरज कमी झाली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात पुन्हा टंचाई आली, तेव्हा १८११ आणि १८१२ मध्ये तांब्याची पेनी टोकने आणि चांदीची शिलिंग-सिक्सपेन्स टोकने निघाली. त्यांतल्या काहींवर २४० टोकनांना एक पौंडाची नोट मिळेल असे लिहिलेले असते. २४० पेनींचा पौंड होई, तोच हिशेब. १८१७ च्या कायद्याने ही तांब्याची टोकने बंद केली, फक्त शेफील्ड आणि बर्मिंगहॅमच्या गरीबगृहांना थोडी मुदत मिळाली.

लोकांच्या हाती येणाऱ्या बऱ्याच वस्तू मुळात टोकन नसतातच. न्यूरेंबर्गला बनलेल्या, हिशेबाच्या पाटावर मांडायच्या पातळ पितळी चकत्यांना मध्ययुगीन नाणे समजतात. त्यांवर बहुधा हान्स क्राउविंकेलसारखे कारागिराचे नाव असते. घोड्यावरचा स्वार आणि 'टू हॅनोव्हर' हा मजकूर असलेली पितळी चकती सोन्याच्या सॉव्हरिनसारखी दिसते, पण ती पत्त्यांच्या खेळातली मोजणीची सोंगटी. तिसऱ्या जॉर्जच्या गिनी या सोन्याच्या नाण्यासारख्या दिसणाऱ्या सोंगट्याही असंख्य आहेत. कोळसा खाणीचे नाव आणि क्रमांक कोरलेली पितळी चकती म्हणजे खाणकामगाराने दिवा नेताना जमा करायचा बिल्ला. तो पैसा नव्हता, आणि त्याच्या नव्या नकला बाजारात भरपूर आहेत.

अस्सल टोकनाच्याही ओतीव नकला होतात. साच्यात ओतलेल्या नगाची अक्षरे साबणासारखी गोलसर, पृष्ठावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, कडेवर जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याची खूण. म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्यास मोजायला प्लॅस्टिकचा व्हर्निअर आणि १० पट भिंग ही तीन साधने आधी घ्यावीत. पोलादी व्हर्निअरने मऊ तांब्यावर ओरखडे येतात.

आता त्या चिंचेबद्दल. अडीच-तीनशे वर्षांत तांब्यावर तपकिरी-हिरवट थर बसतो. पातळ फार्दिंगमध्ये मूळ पृष्ठ झिजून गेलेले असते आणि अक्षराचा आकार उरतो तो याच थरात. चिंचेतले टार्टारिक आम्ल तो थर विरघळवते आणि पावडर उरलेले काम करते. चकचकीत गुलाबी चकती हाती येते, नाव गेलेले असते. अक्षरे वाचायला घासायची गरजच नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा दिवा टोकनाच्या अगदी बाजूने, जवळजवळ आडवा धरावा आणि डावी, उजवी, वर, खाली अशा चार दिशांनी चार छायाचित्रे काढावीत. एका प्रकाशात न दिसणारे अक्षर दुसऱ्यात उठून येते. माती असेल तर टोकन ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बुडवून ठेवावे, पाणी रोज बदलावे आणि बांबूच्या टोकदार काडीने मऊ झालेली माती अलगद सोडवावी. नळाचे पाणी नको, त्यात क्लोरीन असते.

हिरवा रंग दिसला की घाबरायचे कारण नाही. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर निरुपद्रवी असतो. फिकट हिरवी भुकटी नखाने निघत असेल आणि खाली खड्डा दिसत असेल तर तो क्लोराइडमुळे होणारा रोग. दमट हवेत तो वाढत जातो, म्हणून असा नग लगेच वेगळा करून कोरड्या डबीत ठेवावा आणि जाणकार संवर्धकाला दाखवावा. मुंबई आणि कोकणच्या हवेत तर सर्वच टोकने हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. जेलचा रंग बदलला की पुड्या बदलायच्या. मऊ पीव्हीसीची पाकिटे वापरू नयेत; काही वर्षांत त्यातून चिकट हिरवा पदार्थ सुटतो. आधीच चिकटला असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून निघतो. खिडकी उघडी, जवळ ज्योत नको, आणि नेलपॉलिश काढायचे द्रव त्याऐवजी चालत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एक काउंटी किंवा एक धंदा निवडावा. सर्व काही जमवायला गेले की काहीच ओळखता येत नाही. खरेदी करताना सूची क्रमांक काउंटीसह विचारावा. सतराव्या शतकासाठी विल्यमसन आणि अठराव्यासाठी डाल्टन-हेमर या सूच्यांत प्रत्येक काउंटीचे क्रमांक नव्याने सुरू होतात, त्यामुळे नुसता '२३१' निरर्थक, 'वॉरिकशर २३१' अर्थपूर्ण. टोकनासोबत जुन्या संग्राहकाच्या हाताने लिहिलेली गोल चिठ्ठी किंवा कागदी पाकीट आले तर ते टाकू नये. तो त्या टोकनाच्या मालकीचा पुरावा असतो.

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी एवढे लक्षात ठेवावे: धातूशोधक यंत्र घेऊन शेतात जायचे तर जमीनमालकाची परवानगी हवी. तिथल्या १९९६ च्या खजिना कायद्यात नाण्याऐवजी वापरलेली धातूची टोकनेही येतात. ३०० वर्षांपेक्षा जुनी दहा किंवा अधिक एकाच साठ्यात सापडली तर १४ दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि अधिक कडक आहेत. भारतात आणलेले १०० वर्षांवरचे नाणे पुन्हा बाहेर नेताना आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येऊ शकतो, तेव्हा आणण्यापूर्वीच विचार करावा.

महाराष्ट्रातल्या घरांत ब्रिटिश टोकने क्वचितच सापडतात. सापडतो तो मुंबई इलाख्याचा १७९१ किंवा १७९४ चा तांब्याचा पैसा, एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे बदामाच्या आकाराचे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला तराजू. तो त्याच सोहो टाकसाळीत पाडलेला आहे, पण ते कंपनीचे चलनी नाणे आहे, टोकन नव्हे. आणि १६१६, १७१७, १८१८ अशी साले व राम-सीता-हनुमान असलेली 'ईस्ट इंडिया कंपनीची नाणी' कंपनीने कधीच पाडली नाहीत. त्यांना लाखोंची किंमत सांगणाऱ्यांपासून वाचकांना आपण सावध करावे.

शेवटी एक विनंती. या विषयावर पुन्हा मजकूर छापाल तेव्हा प्रत्येक नगाच्या दोन्ही बाजू आणि कडा यांचे छायाचित्र, मिलिमीटरमध्ये व्यास, ग्रॅममध्ये वजन आणि मजकूर अक्षरशः द्यावा. पुरवणीत टोकनांच्या किमतींची जी चौकट होती ती काढली तर यासाठी जागा तिथेच मिळेल.

आपले,
नाणेसंग्राहक वाचक, पुणे